रोज एक पिशवी

मंगळवारी सकाळी सव्वासात वाजता पहिली पिशवी परत आली. ती मागच्या दारात उभी होती. पांढरी, प्लास्टिकची, तळाशी जरा मळलेली, धरायचे दोन्ही कान ताठ. कुमुदिनी हिंगमिरे तेव्हा दूध तापवत होती. तिने गॅस बारीक केला आणि वाकून पिशवीत पाहिलं. आत चार वांगी होती. देठांवर अजून पाण्याचे थेंब होते.

तिने ती वांगी ओळखली. सव्वीस वर्षांपूर्वी ती बदलून बार्शीला आली, त्या आठवड्यात मंडईतून याच पिशवीत घेतलेली. तेव्हा तिने ती भरली होती आणि मीठ जास्त पडलं होतं. या वेळी तिने मीठ बेतानं घातलं.

दुपारी जेवताना तिचा नवरा विश्वंभर म्हणाला, "वांगी छान आहेत. कुठून आणलीस?"

"पिशवी घेऊन आली."

"कुठली?"

तिने बोट दाखवलं. पिशवी फ्रिजशेजारी उभी होती. विश्वंभरने पिशवीकडे पाहिलं, ताक प्यायला आणि हात धुवायला उठला.

कुमुदिनी एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होती. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागणार, कधी सुटणार, हे तिच्या आवाजात सगळ्या गावाने ऐकलं होतं. आठ दिवसांपूर्वी ती निवृत्त झाली. निरोपाच्या दिवशी शाल, नारळ, तीन भिंतीवरची घड्याळं असं बरंच काही मिळालं, आणि ते सगळं अकरा कॅरीबॅगांतून घरी आलं. वस्तू जागच्या जागी गेल्यावर अकरा रिकाम्या पिशव्या पलंगावर उरल्या. कुमुदिनी त्यांच्याकडे पाहत बसली आणि तिने तिथंच ठरवलं, आता या घरात नवी कॅरीबॅग येणार नाही.

तिचं ठरलं की ठरलं. दुसऱ्या दिवशी ती दोन जुने पडदे आणि विश्वंभरच्या तीन पँटी घेऊन गल्लीतल्या ताहेराकडे गेली. ताहेराने तिला सहा दणकट पिशव्या शिवून दिल्या. दह्याला स्टीलचा डबा, तेलाला कॅन, ओल्या कचऱ्याला गच्चीवरचा फुटका माठ. विश्वंभर हायस्कुलात चित्रकला शिकवून निवृत्त झाला होता. त्याला हे सगळं मान्य होतं, फक्त पिशवी विसरायची तेवढी सवय होती. रिकाम्या हातांनी बाजारात जायचं आणि भरल्या हातांनी परत यायचं, यातच त्याला बाजाराची गंमत वाटायची.

बुधवारी तीन पिशव्या आल्या. एकीत पावशेर खारे शेंगदाणे, एकीत हिरव्या बांगड्या, आणि एकीत तिची हरवलेली चप्पल, डाव्या पायाची. गुरुवारी एकोणीस आल्या. त्या मागच्या दारातून, एकीला धक्का न लावता दुसरी, अशा रांगेने आत आल्या आणि कुठं थांबायचं ते कळेना म्हणून स्वयंपाकघरात घुटमळल्या. कुमुदिनीने घसा साफ केला.

"पांढऱ्या पिशव्यांनी मधल्या खोलीत खिडकीशेजारी लागावं," ती म्हणाली. "काळ्या पिशव्यांनी जिन्याखाली."

त्या लागल्या.

शुक्रवारी तिने त्यातली एक घंटागाडीवर द्यायला नेली. गाडीवरचा सोनकांबळे तिला ओळखायचा. त्याने पिशवी हातात घेतली, उजेडात धरली आणि मान हलवली.

"मॅडम, ही घेता येत नाही."

"का?"

"ही तुमची आहे."

"अहो, कचरा काय, सगळ्यांचाच असतो की."

"कचरा सगळ्यांचा. पण ही परत आलेली आहे." लेकरू द्यावं तशी त्याने ती तिच्या हातात दिली. "परत आलेली घ्यायची नाही, असं आम्हाला सांगितलंय."

"कुणी?"

सोनकांबळेने गाडीतल्या पिशव्यांच्या ढिगाकडे पाहिलं. "यांनी," तो हळूच म्हणाला आणि घंटा वाजवत पुढे गेला.

त्या संध्याकाळी विश्वंभरला कपाटाचं दार उघडता येईना. दार पलंगाला अडत होतं. त्याने टेप लावून खोली मोजली. दर पिशवीमागे भिंत सूतभर आत सरकत होती. छपराला काही झालं नव्हतं, खिडकीही होती तेवढीच होती, फक्त मधली जागा कमी होत होती. जेवायला बसल्यावर दोघांचे गुडघे एकमेकांना लागले. लग्नानंतरच्या पहिल्या भाड्याच्या खोलीत असंच व्हायचं, असं विश्वंभर म्हणाला. हे सांगताना तो हसला.

शनिवारी तो पिशवी विसरला आणि कोथिंबिरीची जुडी नव्या कॅरीबॅगेतून घेऊन आला. त्या दिवशी एकही पिशवी परत आली नाही. रविवारी तो कापडी पिशवी घेऊन गेला. त्या दिवशी चाळीस आल्या, आणि त्यांच्याबरोबर दोन किलो चुरमुरे, एक गुळाची ढेप आणि कुमुदिनीने बढतीच्या वेळी वाटलेले पेढे. सोमवारी त्याने मुद्दाम एक कॅरीबॅग आणली. मागचं दार दिवसभर शांत राहिलं.

"बघ," तो रात्री जेवताना म्हणाला. "एक घेतली की त्या थांबतात."

"हो. माझ्याही लक्षात आलंय."

"मग झालं तर. रोज एक. एवढंच मागतायत त्या."

"आणि ती रोजची एक कुठं जाईल?"

"कुठं म्हणजे? जाईल. जातात तशी."

"कुठं जातात?"

विश्वंभरने भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरून ठेवला. "कुमुद, भिंती आत येतायत. तुझं ठरलंय ते बरोबरच आहे, मी कुठं नाही म्हणतोय? पण आपल्याला राहायला जागा नको का?"

"आईची अजून आलेली नाही," कुमुदिनी म्हणाली.

त्याने हातातला तुकडा ताटात परत ठेवला.

तिची आई सोलापूरच्या एका दवाखान्यात वारली, त्याला पंधरा वर्षं झाली होती. दिवाळीची गर्दी, जादा गाड्या, म्हणून कुमुदिनीला सुट्टी मिळाली नव्हती. चारपर्यंत पोचते, असं तिने आईला कळवलं होतं. ती सातला पोचली, तोवर आई गेली होती. दवाखान्याने तिच्या हातात एक निळी पिशवी दिली, वरून गाठ मारलेली. त्यात आईचं सामान आहे म्हणाले. ती पिशवी उघडायचं धाडस तिला झालं नाही. परत येताना स्टँडवरच्या कचऱ्याच्या डब्यात तिने ती टाकली आणि ड्यूटीवर उभी राहिली. आईने आयुष्यात कधी कॅरीबॅग घेतली नव्हती. जुन्या लुगड्यातून फाडलेल्या धडप्याची घडी कमरेला खोचून ती बाजारात जायची. ही तिची पहिली, आणि तीसुद्धा तिला न विचारता दिलेली.

"त्यात काय आहे, तुला ठाऊक तरी आहे का?" विश्वंभरने विचारलं.

"नाही. म्हणूनच."

दोन दिवसांनी तो लातूरला भावाकडे गेला. भांडण झालं नाही. त्याच्या बाजूची भिंत त्याच्या उशीपर्यंत आली होती, आणि तो पाठीच्या दुखण्याचा माणूस. तिने त्याचे कपडे कापडी पिशवीत भरून दिले.

"जागा झाली की बोलाव," तो म्हणाला.

"करते जागा," ती म्हणाली.

आता रोज शंभरएक पिशव्या येऊ लागल्या. कुमुदिनी अंग तिरकं करून खोल्यांतून ये-जा करू लागली. आलेलं अन्न तिने गल्लीत वाटलं, उरलं ते माठात गेलं, आणि रिकामी पिशवी धुऊन तिने गच्चीवरच्या दोरीवर वाळत घातली. नवी मात्र एकही घेतली नाही. मंडईतल्या बाया आता आपण होऊन पिशवी पुढे करायच्या. "घ्या की बाई, एकीनं काय होतंय?" ती पदर पुढे करायची आणि दोडके पदरात घ्यायची.

एके दुपारी शिलाईचा दोरा संपला म्हणून ताहेरा तिच्याकडे आली. गच्चीवर वाळणाऱ्या पिशव्या तिने पाहिल्या, एक काढली आणि कात्रीने गोल गोल कापत नेली. पिशवीची एकच लांब पट्टी झाली. तशा तीन पट्ट्यांची तिने वेणी घातली आणि ओढून पाहिली.

"बाई, ही तुटत नाही. हिची चटई होईल."

त्याच वेळी खालून भांडं पडल्याचा आवाज आला. दोघी खाली गेल्या. मधल्या खोलीची भिंत तीन सूत मागे गेली होती आणि तिला टेकून ठेवलेली परात आडवी झाली होती.

कुमुदिनीने परात उचलली. "उद्यापासून किती वाजता येशील?"

"नमाज झाला की येते."

त्या दिवसापासून दोघी कामाला लागल्या. सकाळी धुणं, दुपारी कापणं, उन्हं उतरेपर्यंत विणणं. कात्रीने ताहेराच्या अंगठ्याला घट्टा पडला, कुमुदिनीची बोटं सोलून निघाली. शंभर पिशव्या आल्या तर त्या सत्तर कापायच्या. मग ऐंशी. मग एके दिवशी आल्या त्याहून जास्त कापून झाल्या आणि पलंग भिंतीपासून सुटा झाला. कुमुदिनी त्या रात्री हात पसरून झोपली.

निळी पिशवी भर दुपारी आली. ती उंबऱ्याबाहेरच थांबली. बाकीच्या पिशव्यांनी तिला वाट करून दिली, पण ती पुढे येईना. कुमुदिनीने हातातली पट्टी खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि उंबऱ्यावर बसली. गाठ घट्ट होती. ताहेरा कात्री घेऊन उठली, तशी तिने मानेनेच नको म्हटलं आणि गाठ नखांनी सोडवली.

आत घडी केलेलं लुगडं होतं, अंगावरून आत्ताच उतरवल्यासारखं ऊबदार. एका काडीला दोरा बांधलेला चष्मा होता. आणि वर्तमानपत्राच्या कागदात एक मोसंबी होती. सोललेली, फोडी वेगळ्या केलेल्या, वरचं पांढरं धागान्‌धागा काढलेलं. लहानपणी कुमुदिनी ते पांढरं खायची नाही.

तिने एक फोड ताहेराला दिली आणि बाकीच्या एकेक करून खाल्ल्या. मोसंबी गोड होती. संपल्यावर तिने कागद घडी घालून ठेवला आणि तोंडाला पदर लावून ती रडली. बराच वेळ, आवाज न करता. ताहेरा शेजारी बसून विणत राहिली.

"ही कापायची का, बाई?" तिने शेवटी विचारलं.

"काप," कुमुदिनी म्हणाली. "मी धरते."

संध्याकाळी तिने लातूरला फोन लावला.

"अहो, आईची आली. घरात जागाही झालीय. आता या."

"बरं झालं." त्याच्या आवाजात पिशवीसारखं काहीतरी सळसळत होतं.

"आवाज असा का येतोय? फोन खराब आहे का?"

"फोन ठीक आहे. इथं एकही परत येत नाही, कुमुद. मी रोज एक घेतो. कधी दोन. भाऊ म्हणतो, मी हलका झालोय."

"जेवताय ना?"

"जेवतो. पण दिसतं ते, बाहेरून." तो थोडा थांबला. "पाठ मात्र अजिबात दुखत नाही."

"उद्याच्या पहिल्या गाडीने निघा. मी स्टँडवर सांगून ठेवते."

"वारा पडला की निघतो," तो म्हणाला.

वारा चार दिवस पडला नाही. पाचव्या दिवशी सकाळी थोडा थांबल्यासारखा वाटला. साडेदहाच्या सुमाराला कुमुदिनी गच्चीवर पिशव्या वाळत घालत होती, तेव्हा तिला तो गल्लीच्या तोंडाशी दिसला. तो भिंतीला धरून चालत होता. त्याचं प्रत्येक चौथं पाऊल तेवढं जमिनीला लागत होतं. खांद्याजवळून त्याचा सदरा दोन्हीकडे वर ओढला गेला होता, आणि तिथं पिशवीचे दोन कान होते.

ती जिना उतरून धावत फाटकाबाहेर आली. विश्वंभर विजेच्या खांबाला धरून उभा होता. ऊन त्याच्यातून आरपार येऊन रस्त्यावर पडत होतं. छातीत डाव्या बाजूला कोथिंबिरीची एक जुडी होती, हिरवीगार, आणि तिच्या थोडं खाली दोन लिंबं.

"आलो," तो म्हणाला.

"आत चला."

"चलतो. जरा थांब." त्याने खांब सोडायचा प्रयत्न केला आणि परत धरला. "कुमुद, मी नव्यानं पिशव्या घेतल्या होत्या. त्यांतल्या माझ्या कुठल्या आणि मी कुठला, ते मला आता सांगता येत नाही."

"घरात जाऊन बघू. हात द्या."

वर गच्चीच्या कठड्याशी ताहेरा आली होती. तिने विश्वंभरकडे पाहिलं, मग हातातल्या कात्रीकडे, आणि कात्री पाठीमागे धरली.

त्याने हात पुढे केला. त्याच वेळी परांड्याच्या बाजूने वारा आला. दोरीवरच्या सगळ्या पिशव्या एकदम भरल्या. विश्वंभरही भरला. त्याचे पाय सुटले, चपला रस्त्यावरच राहिल्या, पण तोवर कुमुदिनीने त्याचं मनगट पकडलं होतं.

"सोड," तो वरून म्हणाला. "तुझे हात सोलतील."

"सोललेलेच आहेत," ती म्हणाली. तिने त्याच्या हाताचा एक वेढा आपल्या मनगटाला मारला, मग दुसरा, आणि पाय फाकवून ती रस्त्यात घट्ट उभी राहिली. तो वर चालला. त्याचा हात लांबत गेला, बारीक झाला, तारांच्याही वर गेला, इतका पातळ झाला की नुसती उन्हाची एक रेघ दिसू लागली, आणि तुटला नाही.