दीड वाजताचा धूर

माझी भाची शलाका अंबरनाथ पूर्वेला आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर रोज दुपारी दीडच्या सुमारास सूर्याकडे ऊन मोजायची एक डबी धरून उभी राहायची. त्याच वेळी सातशे किलोमीटर वरून एक उपग्रह जायचा आणि हवेत धूळ-धूर किती आहे ते मोजायचा. वरून त्याने मोजायचं, खालून हिने, आणि दोन्ही आकडे जुळतात का ते एम.एस्सी.च्या प्रोजेक्टमध्ये दाखवायचं. साल २००६, जानेवारी. मी शेजारच्याच केमिकल कारखान्यात बॉयलर सांभाळायचो. इतक्या उंचावरून कुणी आमच्या अंबरनाथची हवा रोज न चुकता तपासतंय, याचं मला भारी कौतुक. इथे खाली कुणी ढुंकूनही बघत नाही!

पण आकडे जुळेनात. हिचा आकडा उपग्रहाच्या जवळजवळ दुप्पट यायचा. तिचे सर म्हणाले, "तुझा हात हलतोय. महिनाअखेर जुळलं नाही तर विषय बदल." पोरगी रडली नाही की कुरकुरली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा उन्हात उभी.

माझ्या डोक्यात मात्र लख्ख प्रकाश पडला. डबा खाऊन झाला की सव्वा वाजता बॉयलरच्या नळ्यांवरची काजळी वाफेने झाडायची, ही माझी वीस वर्षांची सवय. मग पंधरा-वीस मिनिटं चिमणी नुसतं काळं ओकते, आणि वारा आमच्या बिल्डिंगकडे. मी गुपचूप वेळ बदलली. अडीच वाजता झाडायला लागलो.

आठ दिवस आकडे जुळले. शलाका नाचतच माझ्या घरी आली. "जयदेवमामा, जमलं!"

मला राहवेना. छाती फुगवून म्हटलं, "अगं, जमवलं कुणी?" आणि सगळं सांगून टाकलं.

तिने हातातली आकड्यांची वही मिटली.

"म्हणजे आठ दिवस मी तू साफ केलेली हवा मोजली?"

"मग? तुझं काम झालं ना!"

"मामा, उपग्रहाचा एक चौकोन दहा किलोमीटरचा असतो. उल्हासनगरपासून इथपर्यंत सगळं एका आकड्यात. त्यात एक चिमणी विरून जाते. माझा हात हलत नव्हता रे. त्याला वरून दिसत नाही ते माझ्या डबीला दिसत होतं. तेच नेमकं तू लपवलंस."

माझं तोंड एवढंसं झालं.

तिने वही उघडून आठही ओळींवर रेघ मारली. इतके छान जुळलेले आकडे! माझा जीव हळहळला. "अगं, सरांना कुठे कळणार होतं?"

"मला कळलंय ना."

बावीस वर्षांच्या त्या पोरीपुढे मला हात जोडावेसे वाटले.

"उद्यापासून नेहमीच्याच टायमाला झाड," ती वही माझ्यापुढे सरकवत म्हणाली. "आणि काजळी किती वाजता झाडतोस ते इथे रोज लिहायचं. खाली सही. नाहीतर सर मलाच खोटं पाडतील."

ती वही मालकाच्या हाती लागली असती तर माझी धडगत नव्हती. मी पेन घेतलं, वेळ लिहिली, कारखान्याचं नाव लिहिलं आणि पूर्ण नावानिशी सही ठोकली.