दत्तोपंतांचं बटण

रोहिदास मोटारसायकलला नायट्रोजनचा कॅन बांधून कळंबहून कर्जतला आला तेव्हा मालतीआत्या दारातच उभी होती.

“हे बैलांचं ना रं?”

“बैलांचं बीज घरी दुसऱ्या कॅनात काढून ठेवलंय, आत्या. हा नुसता गारवा हाय.”

रोहिदास गावोगाव गाईंना कृत्रिम रेतन करतो. बीज गोठवून ठेवायचा द्रव नायट्रोजन माझ्या बाबांना, दत्तोपंतांना, प्रयोगांसाठी तोच आणून द्यायचा; शाळेत त्यांचा विद्यार्थी होता. आज मगभरच उरला होता.

बाबांनी शेवटच्या वर्षात एक स्विच बनवला होता. मायक्रोवेव्ह लहरींच्या वाटेवर अतिवाहक पदार्थाची पातळ पट्टी. ती अतिशय गार झाली की विजेला अजिबात विरोध करत नाही. मग लहरी तिथेच अडतात आणि पलीकडचा दिवा विझतो. बटण चालू करून पट्टीत जास्त करंट सोडला की तिचा तो गुण जातो, लहरी सुटतात, दिवा लागतो. हे करून बघायच्या आत बाबा गेले. आज त्यांचा वाढदिवस. स्विच एकदा तरी चालावा, एवढंच मला हवं होतं.

रोहिदासनं नायट्रोजन ओतला. टेबलभर पांढरी वाफ पसरली, दिवा विझला. पुढे काहीच होईना.

“बटण दाबा की, ताई.”

“खालीच आहे.”

“म्हंजे चालूच हाय. तार सुटली आसंल.”

तारा शाबूत होत्या. द्रव उकळून संपत चालला होता. तो संपल्यावर पट्टी गरम होऊन दिवा आपोआपच लागणार. त्याला काही अर्थ नव्हता.

मागे आत्या पंख्याच्या बटणाशी झटत होती. “इतकी वर्षं येतेय, एकदा पंखा धड लागला नाही. चालू करायला जग बटण खाली करतं, आमचा दत्तू वर. म्हणे, चालू म्हणजे वरच असायला हवं.”

पुण्याच्या फ्लॅटमध्ये राहून मी हे विसरले होते. बाबांचं बटण मी वर केलं. दिवा लागला. खाली केलं, विझला.

“मी तं दर खेपेला समजायचो, सरांकडं लाईट गेलीय,” रोहिदास म्हणाला.

द्रव संपेपर्यंत आम्ही आळीपाळीनं बटण वर-खाली करत राहिलो. आत्या तर सोडेचना.

“भाडेकरू यायच्या आत घरातली बटणं सरळ करून घे गं,” ती शेवटी म्हणाली.

“सरळच आहेत,” मी म्हटलं, आणि खोलीतला दिवा बंद करायला बटण खाली केलं.