खुर्चीच्या उंचीची गाडी

मी जन्मापासून अशी बुटकी नाही. आता रस्त्यानं जाताना माणसं माझ्याकडे बघून हसतात. आत केस पिकू लागलेलं जोडपं, आणि गाडी मात्र जमिनीला टेकायला आलेली, खाली मोठाली चकाकती चाकं. ‘वय बघा आणि थेरं बघा,’ असं एकदा सिग्नलपाशी कुणीतरी म्हणालंही. मी गाडी. उलट बोलायचं म्हटलं तर भोंग्याशिवाय माझ्यापाशी काही नाही. पण आज सावली दाट आहे, पाण्यावरून वारा येतोय, काचा अर्ध्या उघड्या आहेत. अशा वेळी मला बोलावंसं वाटतं.

कारखान्यातलं फारसं आठवत नाही. एक लांबलचक उजेड, आणि त्यातून आम्ही सगळ्याजणी एकीमागे एक सरकत चाललेल्या. माझा बांधा उंच. पोटाखालून मांजर ताठ शेपटीनं जाईल एवढा. त्या उंचीसाठीच बाईंनी मला पसंत केलं.

बाई पाट्या रंगवायच्या. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या. माझ्या टपावर शिडी, मागे रंगाचे डबे, आणि चाक बाईंच्या हातात. त्यांचे यजमान चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचे. ते शेजारी बसायचे आणि प्रत्येक वळणाला म्हणायचे, “अगं, हळू.” बाई म्हणायच्या, “अहो, हळूच आहे. तुम्ही डोळे उघडा.”

मग एका दुपारी शिडी सरकली. मी रस्त्यापलीकडे उभी होते. पाटीवरचं शेवटचं अक्षर अर्धंच राहिलं, आणि बाई खाली.

बाई घरी आल्या त्या चाकांच्या खुर्चीतून. पायांनी साथ सोडली होती. आता मला यजमान चालवायचे, आणि बाईंना बसवायचं म्हणजे आधी त्यांना उचलून घ्यायचं. माझी सीट खुर्चीपेक्षा चांगली वीतभर उंच. यजमान श्वास रोखायचे, बाई डोळे मिटून घ्यायच्या. रस्त्यावरचं कुणीतरी नेमकं धावत यायचं. “थांबा, मी पाय धरतो!” एकदा असं झाल्यावर बाई आत बसून एवढंच म्हणाल्या, “मी कपाट आहे का हो?” यजमानांनी गाडी सुरू केली.

त्यानंतर बाईंनी बाहेर जाणंच सोडलं. मी फाटकाशी उभी राहून झोपू लागले. गाड्यांनाही झोप लागते. काचेवर पानं साचतात, चाकांतली हवा कमी होते, आणि आपण कुठल्यातरी रस्त्यावर आहोत असं वाटत राहतं. माझ्या त्या रस्त्याला ना वळण होतं ना मुक्काम. टपावर शिडी मात्र असायची, आणि ती अजिबात जड नसायची.

मला जागं केलं भोपूनं. भोपू म्हणजे बाईंचा धाकटा भाऊ. त्याच्या पहिल्या गाडीचा भोंगा गल्लीभर ऐकू जायचा, तेव्हापासून हे नाव चिकटलेलं. त्याचं गॅरेज आहे, आणि दिसेल ती गाडी खाली करून तिला मोठी चाकं लावायची हा त्याचा छंद. माझ्यावर त्याचा पहिल्यापासून डोळा.

“दाजी, हिला खाली करू या.”

“तुझं खेळणं नाहीये ते,” यजमान म्हणाले. “घरात काय चाललंय, तुला सुचतंय काय!”

“अहो, तेच सांगतोय! गाडी खाली आली की सीट खाली येईल. ताईला उचलावं लागणार नाही. ती आपली आपण सरकेल.”

खिडकीतून बाईंचा आवाज आला, “किती खाली येईल रे?”

भोपूनं मला लोखंडी टेकूंवर, त्याच्या भाषेत घोड्यांवर, चढवलं. चाकं काढली, जुन्या लांब स्प्रिंगा काढल्या, त्यांच्या जागी आखूड आणि जाड स्प्रिंगा बसवल्या. सोबत धक्के झेलणारे नवे शॉक. त्यांना एक आट्यांची कडी होती. ती फिरवली की मी बोटभर खाली किंवा बोटभर वर. भोपूनं शीळ वाजवत ती पार खालपर्यंत फिरवली. मी जमिनीवर आले तेव्हा दचकलेच. रस्ता एवढा जवळ! डांबराला वास असतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

पहिल्या दिवशी बाई घसरगुंडीवरून यावं तशा आत आल्या. कुणाचा हात लागला नाही. आम्ही बाजारातून गेलो. बाई एकेक पाटी वाचत होत्या, कुणाचा काना वाकडा, कुणाची वेलांटी लंगडी, असं म्हणत होत्या. यजमान कितीतरी दिवसांनी “हळू” म्हणायला विसरले. म्हणजे चालवत तेच होते, पण त्यांना ती सवयच होती.

परत दारात आलो आणि सगळं फिसकटलं. आता सीट खुर्चीपेक्षा खाली होती. आत येणं उतार होता, बाहेर पडणं चढ. बाईंनी दोन्ही हातांनी जोर लावला. पुन्हा लावला. समोरच्या काकू धावल्या, त्यांचा जावई धावला, दूध टाकणारा सायकल टाकून धावला. शेवटी चौघांनी मिळून बाईंना उचललं. “हे कुणी सुचवलं होतं?” काकूंनी विचारलं. भोपू माझ्या बॉनेटवर हात ठेवून उभा होता.

बाई आत गेल्या आणि खिडकी लागली. काही आठवडे ती उघडलीच नाही.

पुढे जे झालं ते मी स्वतः पाहिलं. एका सुट्टीच्या सकाळी यजमान अंगणात आले. बाई झोपल्यात असं बघून त्यांनी खुर्ची हळूच बाहेर आणली, बाईंच्या ओढणीनं स्वतःचे पाय घोट्यापासून गुडघ्यापर्यंत बांधले आणि खुर्चीत बसले. खुर्चीचा एका बाजूचा हात काढला आणि निव्वळ हातांच्या जोरावर माझ्यात यायला लागले. आले. बाहेर जाताना थेट जमिनीवर पडले. भोपू पान्हा घेऊन खाली बसलेलाच होता.

“दाजी, लागलं का?”

“बोटभर वर घे.”

भोपूनं कडी फिरवली. यजमान पुन्हा आत, पुन्हा बाहेर. कोपर सोललं. “अजून थोडी.” काकू गॅलरीतून बघत होत्या. त्यांना वाटलं, माणूस कामातून गेला. मी जागच्या जागी वर-खाली होत होते, जणू कुणीतरी मला हळूहळू श्वास घ्यायला शिकवत होतं.

तेवढ्यात खिडकी उघडली.

“काय चाललंय?”

यजमान तेव्हा अर्धे माझ्यात, अर्धे खुर्चीत. कपाळावर घाम, पायाला ओढणी. बाईंनी बघितलं, बघतच राहिल्या आणि मग एवढ्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. मग ते पाणी थांबेना.

“पोत्यासारखे काय पडताय,” त्या शेवटी म्हणाल्या. “हात आधी रोवा, मग कंबर. सरका बाजूला. आणा माझी खुर्ची इकडे.”

सीट आणि खुर्ची आता एका रेषेत होत्या. बाई आत आल्या. बाहेर गेल्या. परत आत आल्या. कुणी टाळी वाजवली नाही. भोपू पान्हा पुसत राहिला, यजमान कोपरावर फुंकर घालत राहिले.

मग भोपूनं संधी साधलीच. “ताई, एवढी उतरवलीय, पण ही बारकी चाकं... कोटावर चप्पल घातल्यासारखी दिसते.”

“झालं सुरू,” यजमान म्हणाले. “मोठं चाक म्हणजे पातळ टायर. प्रत्येक खड्डा हिच्या पाठीत बसेल. आणि उंची परत बदलली तर?”

“चाक मोठं, टायर पातळ. बेरीज तीच. उंची केसभर बदलणार नाही.”

“पण गरज काय?”

बाई म्हणाल्या, “गरज नाही म्हणूनच हवीत. त्या दिवसापासून या घरात माझ्यासाठी जे जे आलं ते गरजेचं होतं. कठडे आले, फळ्या आल्या, ही खुर्ची आली. सगळं करड्या रंगाचं. एक तरी गोष्ट दिसते छान म्हणून येऊ द्या.”

यजमानांनी उठून माळ्यावरचा जुना पुठ्ठा काढून दिला.

चाकं कशी दिसतील ते बघायला बाईंनी त्याच्या चकत्या कापल्या. कितीतरी दिवसांनी रंगाचे डबे उघडले. एका चकतीवर बारीक दहा काड्या काढल्या, एकीवर फूल, एकीवर पाच जाड आरे. एकेक चकती चिकटपट्टीनं माझ्या चाकावर लावायची आणि खुर्ची मागे नेऊन डोळा बारीक करून बघायचं. मी हलायचे नाही, श्वाससुद्धा धरून उभी राहायचे. फूल लगेच बाद झालं. “ही काय नाकातली चमकी आहे?” भोपूला सगळ्यात मोठी चकती हवी होती. बाईंनी यजमानांना चाक वळवायला सांगितलं, वरच्या पत्र्याशी किती फट राहते ते बोट घालून पाहिलं, आणि मान हलवली. “इथे घासेल. एक नंबर लहान घे. टायरला जरा मांस राहू दे, म्हणजे यांचा जीवही राहील.” पाच आऱ्यांवर शिक्कामोर्तब झालं.

तीच चाकं आज माझ्या पायांत आहेत. खड्डे बसतात, खोटं कशाला बोलू. गतिरोधकावरून मी तिरकी होऊन जाते आणि तरी कधीकधी पोट खरवडतं.

आता मी रोज इथे येते, पाण्याकाठी होड्या दुरुस्त करतात तिथे. होड्या ठोकळ्यांवर कलंडून ठेवलेल्या असतात, आणि त्यांची कूस बरोबर खुर्चीत बसलेल्या माणसाच्या हातापाशी येते. बाई त्यांच्यावर नावं रंगवतात. शिडी लागत नाही. होडीवाला मागे उभा राहून म्हणतो, “बाई, अक्षर जरा मोठं काढा, लांबून दिसलं पाहिजे.” बाई म्हणतात, “लांबून दिसेल. तुम्ही तेवढे उजेडातून सरका.” पाण्याची चमक माझ्या दारावर हलत राहते. पेंगता पेंगता मला वाटतं, मीही ठोकळ्यांवर ठेवलेली कुठलीतरी होडी आहे, रंग वाळला की निघणारी.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. हसा खुशाल, चाकांवर बोट फिरवून बघा. पण कधी माझ्याशेजारी गाडी लावाल तर दाराच्या बाजूला एका खुर्चीची जागा सोडा. काल एकानं अगदी चिकटून लावली. बाई हातात ब्रश घेऊन दुपारभर त्याची वाट बघत बसल्या. दार वीतभरच उघडत होतं, आणि आत येण्यासाठी त्यांना कुणाच्याही हाताची नाही, फक्त तेवढ्या जागेची गरज होती.