दोन नंबर राखीव

धरणाच्या पायथ्याशी असलेल्या त्या वीजकेंद्रात सगळे तिला आकडेबाई म्हणत, आणि त्यात चेष्टेपेक्षा धाकच जास्त होता. कोणतं यंत्र किती तास चाललं, किती तास बंद राहिलं आणि का बंद राहिलं, हे रोज वरच्या कार्यालयाला कळवायचं तिचं काम. बारा वर्षांत तिची एका मिनिटाची चूक कुणी काढली नव्हती. मिनिटं चोख होती हो! घोळ होता तो 'का बंद'मध्ये, आणि तो तिला आणि साहेबांना पक्का ठाऊक होता.

बंद यंत्रासाठी संगणकावर तीन रकाने असत: दुरुस्तीसाठी बंद, बिघाडाने बंद आणि राखीव. राखीव म्हणजे यंत्र ठणठणीत आहे, फक्त सध्या त्याची वीज कुणाला नको आहे. चार महिन्यांपूर्वी दोन नंबरचं यंत्र थरथरायला लागलं म्हणून चालकाने ते दोन तास बंद ठेवलं. तेव्हा साहेब तिच्या टेबलाशी येऊन म्हणाले, "बाई, एवढ्याशा थरथरीला बिघाड काय म्हणायचं? राखीव टाका." तिने टाकलं. साहेब काही दुष्ट नव्हते. बिघाड वाढले की केंद्र बंद करायच्या यादीत जायचं, आणि साठ घरांच्या चुली त्यावर पेटत होत्या. पुढे पुढे साहेबांना टेबलाशी यावंही लागलं नाही. तिला विचारायचं सुचलं नाही, आणि त्यांना सांगायची गरज उरली नाही.

त्या दिवशी अकरा वाजता दोन नंबरची वार्षिक चाचणी होती. तासभर पूर्ण भाराने, म्हणजे पूर्ण ताकदीने, चालवायचं. आणि यंत्राखालच्या खड्ड्यात, गरगर फिरणाऱ्या दांड्याशेजारी, थरथर मोजायला उभा राहणार होता केंद्राचा फिटर, म्हणजे तिचा धाकटा दीर. ती लग्न होऊन आली तेव्हा हा पठ्ठ्या नववीत होता आणि गणितात गटांगळ्या खात होता. तिनेच कान धरून त्याला काठावर पास करवलं होतं.

"वहिनी, आज वर आलो नाही तर माझी सायकल दादाला द्या," सकाळी तो दारातून म्हणाला होता.

"काहीतरीच काय बोलता, भाऊजी! आणि त्या खटाऱ्यावर तुमचे दादा बसतील तरी का?"

दोघंही हसली होती.

दहाच्या सुमाराला ती चाचणीच्या कागदांना जोडायचा गोषवारा करायला बसली. समोर नियंत्रण कक्षाची वही होती; यंत्र का बंद केलं ते चालक तिच्यात लिहीत. बिघाडांची यादी दरवर्षी होई, दुरुस्तीचीही होई. राखीवची यादी कोण कशाला करेल? ठणठणीत यंत्राची कुंडली मांडून मिळणार काय? पण दिराची सकाळची थट्टा तिच्या मनात खुपत होती. वहीत 'थरथर' हा शब्द दिसेल तिथली तारीख ती एका कागदावर उतरवत गेली. अकरा तारखा झाल्या. पहिल्या दोन तारखांमध्ये सव्वीस दिवस होते. मग बावीस, मग अठरा, मग चौदा. शेवटी शेवटी पाच, तीन, एक. अकरावी तारीख कालची होती.

चार महिने ती एकेक नोंद सुटी सुटी पाठवत होती. शेजारी शेजारी मांडून तिने त्या कधी बघितल्याच नव्हत्या.

साहेबांच्या खोलीत ती न विचारता घुसली. "चाचणी थांबवा साहेब. हे बघा."

साहेबांनी कागद बघितला आणि त्यांचा चेहरा उतरला. पण क्षणभरच. "एका तासाचा तर प्रश्न आहे, बाई. उद्या उघडू यंत्र. मी शब्द देतो."

"भाऊजी खाली आहेत!"

"मग मोजणार कोण?" साहेब कागदाची घडी घालत हळूच म्हणाले, "आणि हे अकरा वेळा राखीव कुणाच्या नावाने गेलंय, तेवढा विचार करा."

अस्सा संताप आला तिला! साहेबांचा आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा, कारण ते खरं होतं. अकरा वाजून दोन मिनिटं झाली होती आणि पायाखालची फरशी गुणगुणायला लागली होती. खड्ड्यात फोन लागत नाही. चाचणी चालू असताना खालचं दार आतून बंद. आणि चालक साहेबांच्या हुकमाशिवाय यंत्र थांबवणार नाही. ती पळत टेबलाशी आली, दोन नंबरपुढचं 'चालू' खोडलं आणि 'बिघाडाने बंद' टाकून दिलं.

मिनिटभरात भार नियंत्रण केंद्राचा, म्हणजे सगळ्या यंत्रांच्या नोंदी बघून त्यांचा भार लांबूनच कमी-जास्त करणाऱ्या वरच्या कार्यालयाचा, फोन खणखणला. तिथलं प्रत्येक बोलणं ध्वनिमुद्रित होतं, हे तिला माहीत होतं.

"अहो, दोन नंबर बिघाडात दाखवताय आणि इकडे ते सत्तर टक्क्यांवर चाललंय. चूक झाली का?"

"चूक नाही. थरथर आहे. चार महिन्यांत अकरा वेळा बंद पडलंय."

"आमच्याकडे तर एकही बिघाड नाही."

"मी राखीव म्हणून पाठवले. खोटे पाठवले." ती थांबली नाही. "खाली माणूस उभा आहे. हात जोडते, भार उतरवा."

"उतरवतोय. नाव सांगा तुमचं."

तिने नाव सांगितलं. फरशीची गुणगुण मंदावत गेली आणि थांबली, तेव्हा तिने फोन खाली ठेवला.

दुपारी पाणी अडवून यंत्र उघडलं. संध्याकाळी दीर वर आला तो कोपरापर्यंत तेलाने माखलेला. त्याने तिच्या टेबलावर मुठीएवढा नट ठेवला.

"पाण्याचा सगळा दाब ज्या झाकणावर असतो, त्याचा आहे. पाना लागला नाही, हाताने फिरला. चोवीसातले नऊ असेच निघाले." तो खुर्ची ओढून बसला. "तासभर पूर्ण भार दिला असता तर झाकण उडालं असतं, आणि पहिलं पाणी माझ्याच अंगावर आलं असतं."

"भाऊजी, ते राखीव..."

"कळलं. चार महिने मी यंत्र उघडा म्हणून बोंबलत होतो, आणि वरून एकच उत्तर यायचं, तुमच्या नोंदीत तर काहीच नाही."

त्याने ओरडावं, टेबलावर हात आपटावा, असं तिला फार वाटलं. त्याने नट बाजूला सरकवून तिच्या कागदांना जागा करून दिली. ती चुकीच्या नोंदी दुरुस्त करायचा तक्ता भरायला लागली. एकेक जुनी तारीख, एकेक बिघाड. अकरावी भरून झाली.

"अजून एक आहे," तो म्हणाला. "आज सकाळची. तुम्ही यायच्या आधी पुन्हा थरथरलं होतं. पण चालकाने वहीत थरथर लिहिलंच नाही, सरळ राखीव लिहिलं. मी आत्ता त्याची गचांडी धरली, का लिहिलंस म्हणून. तर म्हणाला, आकडेबाई नाहीतरी तेच टाकतात."

तिने बाराव्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, "किती वाजता?"

"सहा वाजून दहा मिनिटांनी," तो म्हणाला, आणि ती लिहीपर्यंत थांबला.