त्र्याऐंशी लाख ठिपक्यांची कृपा

लोणखेड्याच्या मंगल कार्यालयात त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर एकाच कंपनीचे दोन टीव्ही, दोन्हींवर तीच समई, तीच ज्योत. डावीकडचं चित्र मळकट, उजवीकडचं लखलखीत. मधल्या गादीवर दिव्यनेत्र महाराज.

"भक्तांनो, डावीकडे साधी ब्लू-रे डिस्क. ठिपके किती? फक्त वीस लाख! उजवीकडे आमची अभिमंत्रित फोर-के डिस्क. ठिपके त्र्याऐंशी लाख! आणि योनी किती? चौऱ्याऐंशी लाख! उरलेला एक लाख गुरुकृपेनं भरतो. रोज ही ज्योत पाहा, मोतीबिंदू विरघळेल. ऑपरेशन मात्र करू नका, सुरी लागली की कृपा उडते."

टाळ्यांचा कडकडाट झाला. हिशेबात एक लाख कमी पडतात हे कबूल करणारा महाराज मी पहिल्यांदाच पाहत होतो.

मी रनाळ्याच्या शाळेत विज्ञान शिकवतो. असल्या ठिकाणी फिरकत नाही, पण कौसामावशी इथे येऊन बसली होती. तिच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पार पिकला होता. आता उशीर केला तर डोळा कायमचा जाऊ शकतो, असं शहाद्याच्या डॉक्टर निशाताईंनी बजावलं होतं. सोमवारचं ऑपरेशन ठरलं होतं.

"मावशी, सोमवारले दवाखानामा जानं शे ना?"

"आते कशाले, उमाकांत? उजवा टीव्हीमा ज्योत कशी साफ दखाई ऱ्हायनी! डावामा नुसतं धुकं शे."

माझं डोकं तडकलं. सरळ व्यासपीठावर चढलो.

"महाराज, दोन्ही डिस्कांची अदलाबदल करून दाखवा."

"अश्रद्ध हात लागला की ठिपके रुसतात, मास्तर."

"मग माझ्या मावशीचा हात चालेल. तिच्याएवढी श्रद्धा इथे कुणाची नाही."

मावशी तर मला खोटं पाडायला टपलेलीच होती. तिनं डिस्कांना नमस्कार केला आणि माझ्या आधारानं त्या बदलल्या. साधी डिस्क उजवीकडे गेली, तरी उजवा टीव्ही लखलखीतच. मंतरलेली डावीकडे आली, तरी तिथे धुकंच. शिवाय डावीकडचा प्लेअर साधा ब्लू-रेचा. खरी फोर-के डिस्क त्याला वाचताच येत नाही, आणि ही तर बिनबोभाट चालू झाली, म्हणजे तीही साधीच.

"पाहिलंत? कृपा टीव्हीत उतरली!" महाराज ओरडले. काहींनी टाळ्याही वाजवल्या.

मी डाव्या टीव्हीजवळ गेलो. कोपऱ्यात काहीतरी उचकटलेलं दिसलं. तिथे नख घातलं आणि ओढलं. नव्या टीव्हीवरची प्लॅस्टिकची फिल्म कर्रर्र करत निघून आली. डावी ज्योतही उजवीसारखी लखलखली.

"नको फाडू रे! टीव्ही खराब व्हई जाई!" मावशी कळवळली. अर्ध्या सभागृहानं तिच्याबरोबर श्वास रोखला.

महाराजांचं भांडवल हेच होतं. आमच्याकडे वस्तू नवी राहावी म्हणून टीव्हीची फिल्म कुणी काढत नाही. ती पिवळी पडते, धुरकटते, तरी राहते. प्रत्येकाच्या घरचा टीव्ही असाच मळकट, मग डावीकडच्या टीव्हीचा संशय येणार कुणाला? महाराजांनी फक्त उजव्याची फिल्म सोलली होती.

खरी फोर-के डिस्क साध्या ब्लू-रेपेक्षा थोडी सरस असते, नाही असं नाही. पण त्यासाठी पडदा मोठा हवा, बसणं जवळ हवं आणि चित्रणही तसंच हवं. विसाव्या रांगेतून तो फरक तरण्याताठ्या डोळ्यांनाही कळत नाही. हे सगळं मी माइकवरून सांगेपर्यंत महाराज मागच्या दारानं पसार झाले होते.

घरी गेल्यावर मावशीनं कुरकुरत तिच्या टीव्हीची फिल्म मला काढू दिली. ती बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिली.

"पहिलेपेक्षा बरं दिसस. पन धुकं शेच रे."

"ते धुकं टीव्हीवर नही मावशी, तुन्हा डोयामा शे."

मावशीनं टीव्ही बंद केला. मग हळूच म्हणाली, "सोमवारले कितला वाजता जानं शे?"

ऑपरेशन झालं, दृष्टी आली. घरी परतल्यावर मावशीनं फ्रिजवरचं प्लॅस्टिक स्वतःच्या हातानं सोललं.

लोकहो, चमत्काराशिवाय नमस्कार नाही म्हणतात. करा नमस्कार. पण हात जोडण्याआधी कोपऱ्यात एकदा नख घालून बघा.