व्यासपीठाशेजारची खुर्ची

मित्रांनो, मी चर्चमधली एक जुनी खुर्ची आहे आणि मनात राग धरून बोलते आहे. चर्चच्या खुर्चीने क्षमाशील असावे, असे तुम्ही म्हणाल. मला ते अजून जमलेले नाही.

एका सुताराने मला घडवले. त्याच्या आजारपणात चर्चच्या मंडळीने त्याचे घर सांभाळले होते, त्याची ही परतफेड. पाठ उंच, हात रुंद, पाय भक्कम. उपदेशाआधी पाळकांनी टेकावे म्हणून मला व्यासपीठाशेजारी ठेवले. पण त्या वेळचे म्हातारे पाळक माझ्यावर फारसे बसलेच नाहीत. उशिरा आलेली एखादी अवघडलेली बाई दारात दिसली, की ते मला स्वतः उचलून तिच्यापर्यंत न्यायचे. "बस गं बाई, मला उभंच बोलायचंय," म्हणायचे. ओढाताणीत माझ्या पायांना ओरखडे पडले. मला त्या ओरखड्यांचा अभिमान वाटे.

ते वारले आणि नवे पाळक आले. आवाज खणखणीत, शास्त्र तोंडपाठ. लोक भारावून गेले. मला नवे पॉलिश मिळाले, मखमली गादी मिळाली आणि तिच्याबरोबर हुकूम आला, "या खुर्चीवर दुसऱ्या कुणी बसायचं नाही." एकदा झाडलोट करणाऱ्या बाईंना घेरी आली म्हणून त्या माझ्यावर टेकल्या. पाळकसाहेबांनी त्यांना भर उपासनेत उठवले. त्या दिवसापासून तो माणूस माझ्या मनातून उतरला.

त्यांची पत्नी, आमच्या पाळकीणबाई, उपासनेआधी वेदीवर फुले मांडायला येत. "अक्कल आहे का तुला? किती वेळा सांगायचं?" असे ते चारचौघांत म्हणत आणि लगेच व्यासपीठावर चढून प्रेमावर बोलत. लोक माना डोलावत. मला त्या मानांचाही राग येई.

आमच्याकडे लहान मुलांना बायबल शिकवणाऱ्या एक नर्सबाई होत्या. एका दुपारी चर्च रिकामे असताना त्या साहेबांना भेटायला आल्या.

"एकट्यात बोलायचं म्हणून आले," त्या म्हणाल्या. "पाळकीणबाईंचं मनगट मी बांधलं. त्या म्हणतात, पडले. ते पडून झालेलं नाही, साहेब."

"माझ्या घरात नाक खुपसू नका."

"पुढाऱ्याचं घरातलं वागणं आधी बघावं, हे तुम्हीच इथून शिकवलंत. बाईंची क्षमा मागा. मी हा विषय पुन्हा काढणार नाही."

साहेबांनी दाराकडे बोट दाखवले.

नर्सबाई पुन्हा आल्या त्या मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांपैकी दोघांना घेऊन. त्यांतले शिंपीकाका साहेबांचे मोठे चाहते. तेही हात जोडून म्हणाले, "नुसतं ऐकून तरी घ्या." साहेबांनी ऐकले नाही. पुढच्या रविवारी त्यांनी चुगलखोर बायांवर उपदेश केला आणि उपासना संपल्यावर सगळ्यांना थांबवून घेतले. नर्सबाईंना मंडळीतून काढायचे होते. साहेब माझ्यावर बसले आणि म्हणाले, "ज्यांना मंडळीत शांती हवी आहे, त्यांनी हात वर करा."

हात वर होऊ लागले. शिंपीकाकांचाही अर्धवट उठला.

नर्सबाई म्हणाल्या, "मी या पंचांपलीकडे कुणाशी एक शब्दही बोलले नाही. कुणालाही विचारा."

तेवढ्यात पुढच्या बाकावरून पाळकीणबाई उठल्या.

"मी पडले नव्हते," त्या म्हणाल्या. "मनगट यांनी पिरगळलं. आणि ते काही पहिल्यांदा नव्हतं."

"खाली बस," साहेब म्हणाले.

"इतकी वर्षं बसलेच होते."

साहेबांची बोटे माझ्या हातांत रुतली. शिंपीकाकांनी आपला हात खाली घेतला आणि ते पाळकीणबाईंच्या शेजारी जाऊन उभे राहिले. मग एकेक करून बाकीचे हात खाली आले. साहेब उठले, बायबल काखेत मारले आणि बाजूच्या दाराने निघून गेले. क्षमा त्यांनी तेव्हा मागितली नाही, नंतरही नाही.

त्यांच्यामागे काही कुटुंबे गेली. रस्त्यात भेटली तर ती अजून तोंड फिरवतात. पाळकीणबाई बहिणीकडे राहतात आणि रविवारी नर्सबाईंशेजारी बसतात. पण माझ्याकडे पाहिले की लोकांना तो माणूस दिसे. त्यांनी मला मोडक्या बाकांसोबत कोठारात टाकले. पापे त्याची, अंधार माझ्या वाट्याला. उंदरांनी गादी कुरतडली, वाळवी मागच्या पायाला लागली.

काल पंच कोठारात आले. नवे पाळक निवडायचे आहेत आणि एकाचे नाव पुढे आले आहे. "आवाज काय आहे त्यांचा!" एकजण म्हणाला. "खुर्ची घासूनपुसून ठेवायला हवी."

मित्रांनो, मी गप्प होते, पण तुम्हाला सांगते. माझी वाळवी काढायची घाई करू नका. आधी त्या माणसाच्या घरी जा, न कळवता जा. दिवाणखान्यात त्याचे भाषण ऐकत बसू नका, स्वयंपाकघरात डोकवा. तो आत आला की घरातली माणसे बोलायची थांबतात का, एवढे बघा. थांबत असतील, तर चहा न घेता परत या आणि मला इथेच सडू द्या.