नाडी आज बघायची असते

मित्रांनो, दवाखान्याच्या जिन्याखाली धूळ खात बसलेली जुनी पेटी दिसते ना, तीच मी. इथल्या संगणकावर कोणी काही मागितलं, की मी ते बाहेरच्या जगातून आणते आणि एक प्रत स्वतःजवळ ठेवते. पुन्हा कोणी तेच मागितलं, की लगेच काढून देते.

शाळेत आणि वाचनालयात माझ्या दोन बहिणी आहेत. माझ्याजवळ नसेल ते मी आधी त्यांना विचारायचे. पण एकदा वाचनालयाची तार उंदरांनी कुरतडली आणि तिथली उत्तरं रेंगाळू लागली. आम्हाला सांभाळणारे तारवाले वैतागले. "हिचं उत्तर येईपर्यंत चहाचं सरबत होतं!" म्हणाले, आणि तिला विचारायचंच नाही असा मला हुकूम दिला. पुढे तार नवी आली. हुकूम तसाच राहिला.

एका दुपारी सातव्या महिन्यातच एक मुलगी जन्मली, ओंजळीत मावेल एवढी. तिला ऊब देणाऱ्या काचपेटीचा लाल दिवा लागला आणि ऊब थांबली. दुरुस्तीची चित्रफीत बाहेरून मागवली, तर रस्ता खोदताना मोठी तार दुखावलेली. चित्र जागचं हलेना. शाळेला सुट्टी, तिथली बहीण बंद. तारवाले धावत आले.

बाळाला छातीशी धरून उभी असलेली नर्स तारवाल्यांची वहिनीच होती.

"भावजी, वाचनालयाला विचारा की! आमच्या शिकाऊ नर्स मुली परवाच तिथे बसून ती चित्रफीत बघून आल्या."

"वहिनी, ती फार हळू आहे."

"कधी होती?"

"मागच्या वर्षी."

"मागच्या वर्षी ताप आला होता म्हणून मी माणसाला अजून खाटेवरच ठेवते का? नाडी आज बघायची असते!"

तारवाल्यांनी हुकूम पुसला. मी हाक मारली, आणि बहिणीने अख्खी चित्रफीत माझ्या पदरात टाकली! तीत दाखवल्याप्रमाणे काचपेटीची मागची जाळी काढली, तर ती धुळीने तुंबलेली. साफ केली आणि दिवा हिरवा झाला. बाळाच्या गालांवर रंग चढला तसा सगळा दवाखाना हसला.

तेव्हापासून मी सारखी सगळ्यांची नाडी बघते. शाळा भरली की तिथली तार दमते, मग मी वाचनालयाकडे वळते. बाहेरची वाट मोकळी असेल, तर थेट बाहेर जाते.

परवा वहिनींनी माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "भावजी, हिची जाळी कधी पुसलीत?"

"मागच्या वर्षी."

"पुन्हा मागचं वर्ष!"

मित्रांनो, आम्हा जुन्यांना अधूनमधून पुसत जा, आणि शेजारणीला पुन्हा एकदा विचारून बघा. ती मुलगी आता माझ्या डोक्यावरचा जिना धाडधाड चढते. धूळ सगळी माझ्यावर पडते. पडू दे!